पिकूनही हिरवेच राहणारे टोमॅटो: चव, पक्वतेची ओळख आणि बेळगाव भागातील लागवड

खानापूर तालुक्यातील लाल मातीच्या चार गुंठ्यांत ‘ग्रीन झेब्रा’ आणि ‘आंट रूबीज जर्मन ग्रीन’ या दोन जातींची रोपे आपण जूनच्या अखेरीस लावलीत. फळे भरपूर धरली, परंतु ती लाल होण्याची वाट पाहता पाहता बरीचशी झाडावरच मऊ पडून सडली आणि जी लवकर तोडली ती आंबट व पाणचट लागली, असे आपण कळवले आहे. हे टोमॅटो मुळात पिकतात का, हिरवा टोमॅटो कच्चा खाऊ नये असे घरची वडीलधारी मंडळी म्हणतात त्यात तथ्य किती, आणि पुढच्या हंगामात हे पीक पुन्हा घ्यावे का, असे आपले तीन प्रश्न आहेत. माझ्या मते या टोमॅटोंची चव जातीपेक्षा तोडणीच्या दिवसावर आणि शेवटच्या तीन आठवड्यांतील पाण्यावर अधिक ठरते. या दोन्ही गोष्टी शेतकऱ्याच्या हातात राहतात त्या आपल्या भागात हिवाळी हंगामातच. पावसाळी लागवडीत त्या कोणाच्याच हातात राहत नाहीत.

प्रथम फळ हिरवे का राहते ते पाहू, कारण तोडणीचे सारे शास्त्र त्यावर उभे आहे. नेहमीचा टोमॅटो पिकताना त्यातील हरितद्रव्य मोडते आणि त्याच सुमारास लायकोपीन हे लाल रंगद्रव्य तयार होते. या जातींमध्ये दोन वेगवेगळ्या जनुकांतील बदलांमुळे या दोन्ही क्रिया अडतात. आठव्या गुणसूत्रावरील एका जनुकातील बदलामुळे हरितद्रव्य पूर्ण मोडत नाही, तर तिसऱ्या गुणसूत्रावरील दुसऱ्या बदलामुळे कॅरोटिन गटातील रंगद्रव्ये बनण्याची पहिलीच पायरी बंद पडते. फक्त पहिला बदल असेल तर हिरवा आणि लाल रंग एकत्र येऊन फळ तपकिरी-जांभळट दिसते. ‘चेरोकी पर्पल’सारखे ‘काळे’ टोमॅटो असेच घडतात. फक्त दुसरा बदल असेल तर गर पिवळा होतो. दोन्ही एकत्र आले की फळ हिरवे राहते. इथिलीन या फळ पिकवणाऱ्या वायूची निर्मिती, गर मऊ होणे, साखर वाढणे, बी पक्व होणे या पिकण्याच्या बाकी सगळ्या क्रिया मात्र लाल टोमॅटोप्रमाणेच पार पडतात. म्हणजे आपली फळे पिकली होती. त्यांनी तसे रंगातून सांगितले नाही, इतकेच.

घरच्यांची शंका कच्च्या टोमॅटोपुरती निराधार नाही. कोणत्याही जातीच्या कोवळ्या हिरव्या फळात आणि त्याहून अधिक पानांत टोमॅटीन नावाचे कडवट द्रव्य असते, आणि जास्त प्रमाणात खाल्ल्यास ते पोटाला बाधते. फळ पिकू लागले की या द्रव्याचे निरुपद्रवी संयुगांत रूपांतर होते व त्याचे प्रमाण अगदी कमी होते. हे रूपांतर पिकण्याशी जोडलेले आहे, रंगाशी नाही, त्यामुळे पूर्ण पिकलेला हिरवा टोमॅटो लाल टोमॅटोइतकाच निर्धास्त खावा. आपल्याकडे कच्च्या टोमॅटोची तीळ-शेंगदाणे घालून चटणी करतात, तीही ताटात डावीकडे वाढण्याच्या प्रमाणात खाल्ली जाते, त्यामुळे तिचा कोणाला त्रास झाल्याचे ऐकिवात नाही. हंगाम संपल्यावर उपटलेले वेल मात्र गुरांपुढे टाकू नयेत.

आता चवीकडे वळतो, कारण आपली खरी निराशा तिथे झाली आहे. टोमॅटोची चव साखर, आम्ल आणि सुवास या तिघांची मिळून बनते. आम्लात मुख्य वाटा सायट्रिक आम्लाचा, थोडा मॅलिक आम्लाचा. बियांभोवतीच्या बुळबुळीत गरात आम्ल अधिक आणि भिंतीच्या मांसल भागात ते कमी असते, म्हणून लहान व भरपूर बियांचा ‘ग्रीन झेब्रा’ चटकदार आंबट लागतो, तर मोठा व मांसल ‘आंट रूबीज’ सौम्य लागतो. सुवासाच्या बाबतीत हे टोमॅटो लाल टोमॅटोपासून खरोखर वेगळे पडतात. लाल टोमॅटोचा जो फळासारखा, किंचित फुलासारखा वास आपण ओळखतो, त्यातील काही महत्त्वाचे घटक लायकोपीन आणि बीटा-कॅरोटिन मोडून तयार होतात. हिरव्या जातींत ही रंगद्रव्येच जवळपास नसल्याने तो वासही येत नाही. मेदाम्लांपासून बनणारे ताजे, गवताळ वास मात्र तसेच राहतात आणि त्यामुळे पुढे येतात. शिवाय फळासारख्या वासामुळे जिभेला गोडी वाढल्यासारखी वाटते, असे टोमॅटोच्या चवीवरील संशोधनात दिसून आले आहे. तो वास नसल्यामुळे तेवढीच साखर असूनही हिरवा टोमॅटो कमी गोड भासतो.

यातून व्यवहारात उतरणारी बाब अशी की, लाल टोमॅटोत सामान्य गोडी खपून जाते, पण हिरव्यात ती खपत नाही. बाजारात येणाऱ्या संकरित लाल टोमॅटोची गोडी रिफ्रॅक्टोमीटर या रसाची गोडी मोजणाऱ्या उपकरणावर साधारणतः ४ ते ५ ब्रिक्स (म्हणजे रसात विरघळलेल्या, मुख्यतः साखरेच्या, घटकांचे शेकडा प्रमाण) येते आणि भाजीसाठी ती पुरेशी होते. हिरव्या टोमॅटोचा हाच आकडा असला तर तो पाणचट आणि नुसता आंबट लागतो. ६ च्या पुढे गेला की त्याच आंबटपणाला आधार मिळतो आणि टरबूज-काकडीच्या अंगाने जाणारी, मागाहून किंचित मसालेदार वाटणारी त्याची स्वतःची चव उघड होते. पावसाळ्यात ढगाळ हवेमुळे पानांत साखर कमी बनते आणि मुळांशी सतत पाणी राहिल्यामुळे ती फळात पातळ होते. आपल्या फळांची चव बिघडली त्याचे निम्मे कारण हे आहे. बाकीचे निम्मे अवेळी तोडणी.

जातींच्या निवडीबाबत थोडक्यात सांगतो. या गटातील जुनी व्यापारी जात म्हणजे ‘एव्हरग्रीन’. ती चवीला सौम्य आहे, पण तिची फळे तडकतात. टॉम वॅग्नर या अमेरिकी पैदासकाराने तिचा उपयोग करून ‘ग्रीन झेब्रा’ घडवला आणि १९८३ मध्ये तो आपल्या बियाण्यांच्या यादीतून बाजारात आणला. ‘यलो पेअर’ आणि ‘एव्हरग्रीन’ यांच्या संकरातून आलेला द्राक्षाएवढा ‘ग्रीन ग्रेप’ही त्यांचाच. ‘आंट रूबीज जर्मन ग्रीन’ हे टेनेसी राज्यातील रूबी अर्नोल्ड यांच्या घराण्यात जपलेले बियाणे आहे. फळ पाव ते अर्धा किलोपर्यंत भरते आणि उत्तम पिकले तर या गटात चवीला त्याच्या तोडीचे फार थोडे आहेत. ‘चेरोकी ग्रीन’ मध्यम आकाराचा असून पिकताना त्याच्या सालीवर अंबरी झाक स्पष्ट येते. नवख्या शेतकऱ्याने सुरुवात ‘ग्रीन झेब्रा’ आणि ‘चेरोकी ग्रीन’ यांपासून करावी आणि ‘आंट रूबीज’ची दहा-बारा झाडे घरासाठी ठेवावीत, असे मी सुचवेन. मोठ्या फळाला तडे लवकर जातात, ते उशिरा तयार होते आणि खानापूरहून बेळगावपर्यंतच्या खडखडाटात टिकत नाही.

पिकल्याची ओळख हा या पिकातील सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. टोमॅटोची साल रंगहीन तरी असते किंवा तिच्यात पिवळे रंगद्रव्य असते. पिवळ्या सालीच्या जातींत पक्व फळाच्या बुडाकडून पिवळसर-अंबरी छटा वर चढते. ‘ग्रीन झेब्रा’त गडद पट्टे तसेच राहतात आणि त्यांच्यामधील फिकट हिरवा भाग सोनेरी होतो, आणि ‘आंट रूबीज’च्या बुडाशी काही वेळा गुलाबी झाक येते. रंगहीन सालीच्या जातींत मात्र हिरव्या रंगाचा तजेला जाऊन किंचित दुधट, आतून उजेड आल्यासारखा पोत दिसतो, आणि तो ओळखायला नजर बसावी लागते. म्हणून डोळ्यांपेक्षा अंगठ्यावर भिस्त ठेवावी. फळाच्या बुडाशी अंगठ्याने हलके दाबले असता पिकलेल्या हापूसप्रमाणे ते किंचित दबले पाहिजे. टणक असेल तर थांबावे, अंगठा रुतत असेल तर तोडणीला दोन-तीन दिवस उशीर झाला असे समजावे. देठाच्या सांध्यापाशी फळ उचलून वळवल्यावर ते सहज सुटणे, ही आणखी एक खूण आहे.

केवळ स्पर्शावर हंगाम काढणे मजुरांच्या तोडणीत जमत नाही, म्हणून फळधारणेच्या वेळी खूण करण्याची पद्धत लावून घ्यावी. घोसातील पहिले फळ हरभऱ्याएवढे झाले की त्या घोसाला रंगीत सुतळीचा तुकडा बांधावा आणि दर आठवड्याला रंग बदलावा. हिवाळी हवामानात लहान व मध्यम फळे तेथून सुमारे ४५ ते ५० दिवसांत, मोठी फळे ५५ ते ६० दिवसांत तयार होतात, त्यामुळे ठरावीक रंगाचे घोस ठरावीक आठवड्यात तपासायचे एवढेच तोडणाऱ्या बायकांना सांगावे लागते. प्रत्येक जातीचे पहिले फळ आडवे कापून पाहावे. सुरीबरोबर बी कापले जात असेल तर फळ कच्चे आहे. बी फिकट तपकिरी होऊन सुरीखालून निसटत असेल आणि त्याभोवतीचा गर पाणीदार हिरवा दिसत असेल तर ते पिकले आहे. त्या कापलेल्या फळाच्या सालीची छटा आणि दाब ध्यानात ठेवून उरलेली फळे पारखावीत.

हंगामाविषयी माझे मत ठाम आहे: आपल्या पट्ट्यात हे टोमॅटो पावसाळ्यात लावू नयेत. बेळगाव, कडोली, काकती, उचगाव या भागांत सप्टेंबरच्या मध्यास जाळीखाली ट्रेमध्ये रोपे टाकून ऑक्टोबरच्या मध्यास लावणी करावी, म्हणजे डिसेंबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंत तोड चालते. त्या दिवसांत रात्री थंड आणि दिवस उन्हाचे असतात; दिवसा बनलेली साखर रात्रीच्या श्वसनात कमी खर्च होते. गोकाक, रायबाग, अथणी या कोरड्या पूर्व भागात लावणी पंधरा दिवस आधी घेतली तरी चालते, परंतु तिथे पांढऱ्या माशीमुळे पाने आक्रसून झाड खुरटवणाऱ्या पर्णगुच्छ विषाणूचा धोका मोठा आहे आणि उन्हाळी लावणी तर टाळावीच. खानापुरात पाऊस लांबतो, म्हणून आपण भात कापून झाल्यावर, नोव्हेंबरच्या उत्तरार्धात, त्याच खाचरात गादीवाफे उचलून लावणी करावी असे मी म्हणेन.

भातानंतर लावण्यामागे पाण्याच्या सोयीपलीकडचे कारण आहे. लाल, आम्लधर्मी आणि ओलसर मातीत जिवाणूजन्य मर ठाण मांडून बसते. पाने पिवळी न पडता हिरवेगार झाड दोन-तीन दिवसांत माना टाकते. अशा झाडाचे खोड कापून काचेच्या ग्लासातील स्वच्छ पाण्यात टोक बुडवून धरले असता काही मिनिटांत दुधाळ धागे उतरू लागले तर जिवाणूच समजावा. त्यावर फवारणीचा उपयोग होत नाही. खाचरात कित्येक आठवडे पाणी उभे राहिल्याने या जिवाणूचे प्रमाण घटते, म्हणून वांगी, मिरची, बटाटा झालेल्या जमिनीपेक्षा भाताची जमीन कितीतरी सुरक्षित ठरते. बेंगळुरूच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेच्या ‘अर्का रक्षक’सारख्या संकरित जातीत पर्णगुच्छ विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींची प्रतिकारशक्ती एकवटलेली आहे, आपल्या हिरव्या जातींत यांपैकी एकही नाही. ज्या जमिनीत मर दरवर्षी येते तिथे वांग्याच्या मर-प्रतिकारक खुंटावर कलम केलेली रोपे लावणे हा एकमेव भरवशाचा मार्ग आहे. आपल्या भागात अशी कलमे मागणीप्रमाणे करून देणारी रोपवाटिका मिळाली तर खर्च वाढला तरी तो करावा. लावणीपूर्वी मातीची तपासणी करून आम्लता अधिक असल्यास चुना द्यावा. त्याने फळाच्या बुडाशी पडणारा काळा डागही कमी होतो.

या जाती सतत वाढणाऱ्या आहेत, त्यामुळे जमिनीवर पसरू देऊन चालत नाही. ओळींत साडेचार ते पाच फूट आणि झाडांत दोन फूट अंतर ठेवून बांबू-तारेचा आधार द्यावा आणि बगलफूट खुडून दोन फांद्यांवर झाड वाढवावे. जमिनीलगतची पाने काढावीत, पण घोसाच्या वरची पाने हौसेने ओरबाडू नयेत, कारण उघड्या पडलेल्या फळाच्या उन्हाकडील बाजूस पांढरा चट्टा पडतो. मार्चमध्ये पारा चढला की लाल टोमॅटोत लायकोपीन नीट बनत नाही आणि फळे नारिंगी-पिवळी राहतात. हिरव्या जातीत हे दुखणे अर्थातच नाही, मात्र उन्हाचा चट्टा दोघांनाही सारखाच पडतो.

खतांत शेणखत, निंबोळी पेंड आणि ट्रायकोडर्मा (रोगकारक बुरशीला आवरणारी उपयुक्त बुरशी) ही जमिनीची बाजू झाली. ती आपण सांभाळता असे पत्रावरून दिसते. चवीच्या दृष्टीने नत्राचा हात आखडता ठेवावा, कारण युरियावर वाढवलेले झाड देखणे दिसते आणि फळ बेचव देते. फुलोऱ्यानंतर पोटॅशकडे वळावे. सल्फेट ऑफ पोटॅश ठिबकमधून आठवड्याच्या अंतराने द्यावे आणि कॅल्शियम नायट्रेट वेगळ्या दिवशी द्यावे, कारण दोन्ही एकाच टाकीत घातली तर साका बसून ठिबकच्या नळ्या तुंबतात.

पाण्याच्या बाबतीत दोन टोके टाळायची आहेत. फळ पूर्ण आकाराचे होईपर्यंत पाणी नियमित हवे. त्यानंतर, म्हणजे पहिल्या घोसातील फळांची वाढ थांबल्यासारखी दिसू लागली की रोजच्या पाण्यातून एक तृतीयांश कपात करावी आणि ती कपात तोड संपेपर्यंत टिकवावी. दुपारी शेंड्याची पाने किंचित मलूल झाली आणि संध्याकाळी सावरली तर ताण योग्य आहे. सकाळीही ती मलूल असतील तर जास्त झाला. चार दिवस कोरडे ठेवून पाचव्या दिवशी भरपूर पाणी सोडणे हे सर्वांत वाईट, कारण त्याने साखर वाढत नाही आणि फळे मात्र तडकतात. काळ्या जमिनीत ओल खोलवर धरून राहते, त्यामुळे तिथे कपात अधिक लवकर सुरू करावी लागते. आपल्या लाल मातीत ती हळूहळू करावी आणि मल्चिंग पेपर किंवा भाताच्या पेंढ्याचे आच्छादन असल्याशिवाय करूच नये. कपात केलेल्या झाडाचे फळ आकाराने लहान राहते आणि उत्पन्न घटते. जो शेतकरी वजनावर विकणार आहे त्याला हा सौदा परवडणार नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो.

डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात आणि दवात उशिरा येणारा करपा झपाट्याने पसरतो. सकाळी पानांवर पाणी सुटल्यासारखे गडद डाग दिसले की त्याच दिवशी कृषी विज्ञान केंद्राच्या शिफारशीनुसार बुरशीनाशक फवारावे. नागअळीसाठी सापळे लावणीच्या आठवड्यातच टांगावेत. फवारणीनंतर तोडणीपर्यंतचा सांगितलेला अवधी या टोमॅटोसाठी काटेकोर पाळावा, कारण हे फळ बहुधा कच्चेच खाल्ले जाते.

ते कच्चेच खावे, असे माझेही मत आहे. शिजवल्यावर टोमॅटोच्या स्वतःच्या आम्लामुळे हरितद्रव्यातील मॅग्नेशियम निघून जाते आणि झळझळीत हिरवा रंग मळकट शेवाळी होतो. असे सार पाहुण्यांपुढे ठेवण्याचे धाडस कोणी करणार नाही. दही आणि शेंगदाण्याचा कूट घालून केलेली कोशिंबीर, किंवा जाड काप करून वर मीठ आणि गुरेळाची चटणी भुरभुरून ज्वारीच्या भाकरीबरोबर, एवढेच त्याला पुरे. मीठ अगदी वाढताना घालावे. फळ फ्रिजमध्ये ठेवू नये. १२ अंशांखालच्या थंडीत काही दिवसांतच सुवास मंदावतो, आणि ज्याचा सुवास मुळातच मोजका आहे त्याचे त्यात अधिक नुकसान होते.

विक्रीबाबत अपेक्षा आवरत्या ठेवाव्यात. भाजी मार्केटच्या लिलावात हा माल कच्चा म्हणून बाजूला पडेल किंवा कच्च्याच्या भावाने जाईल, आणि त्यात दलालाचा दोष नाही, कारण पुढच्या गिऱ्हाइकाला तो काय सांगणार? बेळगावातील ओळखीची घरे आणि गोव्यातील हॉटेले अशी थेट गिऱ्हाइके आधी ठरवून, त्यांना एक फळ कापून खायला देऊन, मगच लागवडीचे क्षेत्र वाढवावे. तोवर चारांपैकी एका गुंठ्यात हे टोमॅटो आणि तीन गुंठ्यांत ‘अर्का रक्षक’ अशी वाटणी केल्यास घरखर्चाला धक्का लागणार नाही.

राहिला प्रश्न बियाण्याचा. या जाती सरळ वाणाच्या, म्हणजे संकरित नसलेल्या, असल्याने बी घरी धरता येते. निरोगी झाडावरील पूर्ण पिकलेल्या फळाचा गर दोन-तीन दिवस आंबवून, धुऊन, सावलीत वाळवून घ्यावा. टोमॅटोत बहुतेक स्वपरागीभवन होते, तरीही शेजारी लाल जात असल्यास बियाण्यासाठीचे घोस फुलण्याआधी पातळ कापडी पिशवीत बांधावेत. पुढच्या वर्षी एखाद्या झाडाला लाल फळे आली तर ते झाड संकरित झाले आहे असे समजावे, कारण हिरवेपणाचे दोन्ही गुण अप्रभावी असल्याने पहिल्या पिढीत ते झाकले जातात. त्या लाल फळाचे बी लावले तर दर सोळा झाडांमागे सरासरी नऊ लाल, तीन तपकिरी, तीन पिवळी आणि एकच हिरव्या फळांचे झाड मिळेल. तेवढी जागा आणि हौस असेल तर त्या सोळाव्या झाडात लाल जातीचा कणखरपणा उतरला आहे का, हे जरूर पाहावे. परदेशातील नातेवाइकांकडून खिशातून बी मागवू नये. आयात परवाना आणि वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय बी आणणे बेकायदेशीर आहे, आणि टोमॅटोचे काही विषाणू बियांवरूनच प्रवास करतात.